पाचवी टिकली

"ताई, आज फाटकाच्या बाहेर बसा," भैरवी मॅडम म्हणाल्या आणि कवडू शिपायानं प्रेमलताच्या तोंडावर फाटक लावून घेतलं.

प्रेमलताच्या अंगाचा तिळपापड झाला. बाहेर? आणि आत काजल एकटी? पोरगी आठ वर्षांची, पाय जन्मापासून अधू, गुडघ्यापर्यंत लोखंडी पट्ट्यांचे बूट. दोन शाळांनी गोड बोलून वाटेला लावलं होतं. मनपाच्या या शाळेनं नाव घातलं, तेव्हा प्रेमलतानं मॅडमच्या पायांवर डोकं ठेवायचं तेवढं बाकी ठेवलं होतं. आणि आता ही तऱ्हा!

सुरुवातीला ती काजलच्या बाकावरच बसायची. पेन्सिल उचलून द्यायची, पाणी पाजायची, पोरगी उठायला लागली की काखेत हात घालायची. आठवड्यानं मॅडमनी तिला दारात बसवलं. मग व्हरांड्यात. मग "ताई, जरा खिचडीचे तांदूळ निवडून द्याल?" म्हणून पार लिंबाच्या झाडाखाली. आणि आज थेट रस्त्यावर. बाईनं वीत वीत करून तिला बाहेर काढलं होतं, आणि हिला ते आत्ता कळत होतं. भोळी ती भोळीच!

"मले हाकलून राहिली ही मॅडम," ती फाटकाशी संत्री विकणाऱ्या गोपिकाबाईला म्हणाली. "आज मले काढलं, उद्या पोरीले काढन. त्याच्यापेक्षा मीच तिचं नाव काढून टाकतो."

"बस ना वं. काहून जीव खाऊन राहिली आपला?" गोपिकाबाईनं तिच्या हातात एक संत्रं ठेवलं.

प्रेमलतानं ते सोललं, फोडी केल्या, पण एकही तोंडात घातली नाही. बसली. उठली. फाटकाच्या गजांना डोकं लावून पाहिलं. वर्गाची खिडकी दिसत होती, काजल दिसत नव्हती. ती व्हरांड्यात गेल्यापासून वर्गात काय चालतं ते तिला काजलकडूनच कळायचं. म्हणे दारामागच्या भिंतीवर कार्डं लावलीत, एकाचं दुसऱ्यासारखं नाही. चंदनच्या कार्डावर न ओरडता बोलणं, रुचिकाच्या कार्डावर हात वर करून प्रश्न विचारणं. एकेक पायरी जमली की मॅडम त्या ओळीपुढं लाल टिकली लावतात. असली खेळणी कशाला, शिकवा ना गुमान, असं तिला वाटायचं.

तेवढ्यात आतून धाडकन आवाज आला.

"पडली! काजल पडली!" पोरं ओरडली.

संत्रं कुठं गेलं ते गेलं. तिनं फाटक ढकललं. कवडू आडवा आला. "वहिनी, मधली सुट्टी तर होऊ द्या. मॅडमनं सांगतलं..."

"सरक गा!"

वर्गात जाऊन पाहते तर काय, पोरं गोल करून उभी, मॅडम हात मागे बांधून उभ्या, आणि काजल फरशीवर पालथी. कोणी बोट लावायला तयार नाही! प्रेमलता धावली.

"नोको, आई! हात नोको लावू. मी उठून राहिली ना!"

काजलनं बाकाचा पाय धरला. मग बाकाची कड. बूट फरशीवर खरखरले, एकदा घसरले. प्रेमलताचे हात आपोआप पुढं गेले आणि तसेच राहिले. काजल घामाघूम झाली, पण उभी राहिली. पोरांनी टाळ्या पिटल्या. मॅडमनी पाकिटातून टिकली काढली आणि काजलच्या कार्डावर लावली. ओळ होती, 'पडल्यावर आपलं आपण उठणे.'

प्रेमलता मात्र मॅडमवर उसळली. "पोरगी पडते अन् तुम्ही सारे तमाशा पाहून राहिले? दाखला द्या मले. आत्ताच्या आत्ता!"

काजलचे डोळे भरून आले. मॅडम फक्त भिंतीपासून बाजूला झाल्या.

काजलच्या कार्डाशेजारी आणखी एक कार्ड होतं. प्रेमलता सातवी शिकलेली, तिनं ते वाचलं. वर नाव होतं, प्रेमलता. खाली पाच ओळी. काजलच्या बाकावर. दारात. व्हरांड्यात. झाडाखाली. चारही ओळींपुढं लाल टिकल्या होत्या. पाचवी ओळ होती, 'फाटकाबाहेर, मधल्या सुट्टीपर्यंत.' तिच्यापुढची जागा रिकामी होती.

काजलनं बाहीनं डोळे पुसले आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं.

"अजून पंधरा मिनिटं आहेत, आई. जाय ना वं, बस फाटकाबाहेर. तुही एकच टिकली राहिली."