ढालीचा कोपरा

“खूण मात्र घालावी लागेल,” मिस्टर पिटकेर्न म्हणाले आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. कुलचिन्हांच्या न्यायालयातून, एडिनबरोहून, ते आले होते. स्कॉटलंडात घराण्याच्या चिन्हांची ढाल कुणी आपल्या मनानं मिरवू शकत नाही. कायद्यानं ती एका वेळी एकाचीच. ऊनाचा नवरा टॉर्क्विल वारल्यापासून या घरची ढाल कुणाचीच नव्हती. आता ती त्याच्या लेकीच्या, एफीच्या नावावर व्हायची होती.

बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं. कुंपण गेलं, मेंढ्या गेल्या, मग फाटकही विरघळलं. एफी खिडकीत बसून, दिसेनाशा होणाऱ्या एकेका वस्तूला हात हलवून निरोप देत होती. घरच हळूहळू कुठंतरी वाहत चाललं आहे असं वाटत होतं.

“कसली खूण?” ऊनानं हलकेच विचारलं. तिचं लक्ष लेकीच्या पाठीकडे होतं. पोर ऐकत नाही असं वाटतं, तेव्हाच ती ऐकत असते.

“दत्तक मुलाची. वरच्या कोपऱ्यात एक पोकळ चौकोन. नुसती कड. आत ढाल जशी असेल तशीच.”

“मग घाला की,” सासूबाई म्हणाल्या. त्यांचं नाव ग्रिझेल. “पोरीला मी भरवते, वेण्या घालते. त्यात कुठं कमी नाही. पण ढाल म्हणजे रक्त. या घराच्या ढालीत बाहेरचा थेंब नाही, मिस्टर पिटकेर्न.”

“ढालीवर कशाला, तिच्या कपाळावरच रंगवा ना!” ऊनाचा आवाज चढला आणि लगेच उतरला. “उद्या शाळेतली पोरं विचारतील, तुझ्याच ढालीला भोक का गं? तेव्हा तुम्ही सांगणार आहात, ग्रिझेल? तिच्या तोंडावर?”

ग्रिझेलनी उगाचच किटलीचं झाकण उघडून आत पाहिलं.

“खुणेशिवाय नोंद होत नाही,” मिस्टर पिटकेर्न खाली बघत म्हणाले. “मूळ ढाल दाखवता? नक्कल करून न्यायचीय.”

ग्रिझेल उठल्या. शेकोटीवरचा कोरीव दगड त्यांनी आपल्या शालीनं पुसला. “हे तीन मासे. हा तारा. आणि ही वर खिडकी. आमचा मूळपुरुष जळत्या किल्ल्याच्या खिडकीतून उडी टाकून वाचला. सगळ्या गावाला ठाऊक आहे.”

पेन्सिल माशांवरून फिरली, ताऱ्यावरून फिरली. कोपऱ्यात थांबली. मिस्टर पिटकेर्ननी चष्मा काढला, टायनं पुसला, पुन्हा घातला.

“बाई,” ते माफी मागितल्यासारखे म्हणाले, “ढालीवरच्या खिडकीला कमान असते. गज असतात.”

ऊनानं वर पाहिलं. कमान नव्हती. गज नव्हते. नुसती कड होती, आणि आत ढाल जशी होती तशीच.

काचेबाहेर आता काहीच उरलं नव्हतं, सगळं पांढरं. ग्रिझेलचा हात दगडावरच राहिला होता.

“दुसरी खूण घालता यायची नाही,” मिस्टर पिटकेर्न पुटपुटले. “ढाल आहे तशीच तिची.”

मागे न वळता ग्रिझेलनी हाक मारली.

“एफी, ये गं इकडे. इथं हात ठेव. या पोरालाही असंच कुणीतरी कडेवर घेऊन घरी आणलं होतं.”