बदामाचं मूळ

"ते मूळ आत्ताच तोडून टाक गं. पोराच्या पायात शिरेल ते," शेजारची मिरोपेमावशी म्हणाली होती. नेरीस तेव्हा खळखळून हसली होती. राजधानीच्या कॉलेजातून नुकतीच परतलेली, हातात झाडूचा दांडा, आणि समोर बदामाखाली गुडघ्यांत वाकून उभा असलेला धाकटा भाऊ. "पायाला कुठं आठवण असते, मावशी?" म्हणत तिनं जुन्या मोज्यांचा चेंडू येउदीच्या उजव्या अंगाला टोलवला होता.

आज बेसबॉलच्या अकादमीच्या जाळीमागे, लेकीला मांडीवर घेऊन बसल्या बसल्या, तिला ते हसू आठवलं.

समोरचं मैदान तळहातासारखं सपाट. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, शॉर्टस्टॉपच्या जागेवर येउदी उभा होता. क्लबच्या सगळ्यात खालच्या संघात दोन उन्हाळे काढले होते त्यानं. आज आबेलार्दो मास्तर त्याला शेवटचं पारखणार होते. पसंत पडला तर अमेरिकेतल्या वरच्या संघात. नाही पडला, तर उद्या बोचकं बांधून घरी, कोन्सुएलो गावाला.

मास्तरांनी चेंडू जमिनीलगत त्याच्या डावीकडे मारला. येउदीनं तो लोण्यात बोट बुडवावं तसा उचलला. मग उजवीकडे. येउदीचा उजवा पाय उंबरठा ओलांडावा तसा वर उचलला गेला आणि मग तो धावला. चेंडू मिळाला, पण त्यानं तो पहिल्या बेसला फेकेपर्यंत तिथं पळणारा पोरगा पोचून कमरेवर हात ठेवून उभा होता.

"काय रे हे?" मास्तर ओरडले. "मेरेंगे शनिवारी नाचायचं, लेका. इथं नाही."

पोरं फिदीफिदी हसली. येउदीही हसला, मान खाली घालून. पुढचा चेंडू उजवीकडेच आला. पाय पुन्हा वर.

मास्तर घाम पुसत जाळीपाशी आले.

"तुम्ही बहीण ना त्याची?"

"हो, मास्तर." नेरीसनं लेकीच्या तोंडात बोट घालून खडा काढला.

"खरं सांगा. लहानपणी काही मोडलं होतं का? कंबर, मांडी? लपवू नका. हात सोन्याचे आहेत त्याचे. पण कमरेत दोष असेल, तर मी नाही त्याला वर पाठवू शकत."

"काही मोडलं नाही हो. ते मूळ आहे."

"कसलं मूळ?"

"बदामाचं. आमच्या अंगणातलं. हा उभा राहायचा त्याच्या उजव्या हाताला, हे एवढं वर आलेलं. रोज संध्याकाळी तो ते ओलांडून धावायचा. आई दिवा लावून जेवायला हाका मारायची, तरी आमचं आपलं 'आणखी एक, ताई, आणखी एक.' " ती थांबली. "चेंडू मारणारी मीच."

मास्तरांनी एकदा वळून येउदीच्या पायांकडे पाहिलं. मग टोपी काढून हसले.

"आमच्याकडे शेळी बांधलेली असायची. तिसऱ्या बेसला. अजून मी तिकडं वळलो की दोरी चुकवतो." हसू हळूहळू ओसरलं. "मला मात्र कुणी वर पाठवलं नाही."

त्यांनी टोपी घातली आणि मैदानाकडे वळून हाक दिली, "येउदी! ताई म्हणते, मूळ तोडलं!"

येउदी ताठ झाला. त्यानं जाळीकडे पाहिलं.

"कधी, ताई?"

सकाळीच निघताना नेरीस त्याच मुळावर बसून लेकीला वेणी घालून आली होती.

"परवा," ती म्हणाली. "मिरोपेमावशीच्या मुलानं. कुऱ्हाडीनं."

"सगळं?"

"सगळं."

येउदी उजव्या पायापाशी बघत राहिला. मग बुटाच्या टोकानं तिथली माती त्यानं सावकाश सारखी केली, सारवल्यासारखी. आणि वाकला.

चेंडू उजवीकडे आला. येउदी सरळ गेला. पहिल्या बेसवरच्या हातमोज्यात चेंडू फाडकन बसला तेव्हा पळणारा पोरगा अजून वाटेतच होता.

"बस्स," मास्तर म्हणाले. या वेळी चेष्टा नाही केली.

पोरांनी टाळ्या वाजवल्या. नेरीसनंही वाजवल्या, लेकीचे हात हातात धरून. पण मैदानात उभा होता तो कुणी दुसराच मुलगा वाटला तिला. चांगला खेळणारा. कुठल्याही अंगणात वाढलेला.

आता येउदी फ्लोरिडात आहे. रविवारी फोन करतो. "मुळाच्या जागी आता काय लावलंस, ताई?" असं एकदा विचारलं त्यानं. "फुलझाडं," ती म्हणाली. "कसली?" म्हणाला, तेव्हा तिला पटकन नाव सुचेना. मिरोपेमावशीनं दोनदा कुऱ्हाड आणून दिली. दोन्ही वेळा नेरीसनं ती परत केली. लेक आता चालायला लागलीये. मुळापाशी आली की पाय उचलते.

तिकडं जाणारं कुणीही भेटलं की नेरीस त्याला थांबवते. तुम्ही भेटलात तर तुम्हालाही थांबवेल, आणि हेच सांगेल: "त्याचा सामना असेल तर जरा जाऊन बसा. चेंडू उजवीकडे आला की त्याच्या पायाकडे बघा. सरळ धावतो, की अजून उचलतो? तेवढं बघा आणि मला कळवा. पण मूळ जागेवर आहे, हे मात्र त्याला सांगू नका."