दोन चमचे, गरम दुधात

पहिला घोट घेऊन शालिकरामांनी डोळे असे गच्च मिटले, की उन्नतीला वाटलं, गेलं आपलं लग्न.

"बाबा, बोला ना कायतरी."

"स्टील प्लांटात कोक ओव्हनच्या भट्टीसमोर जलम चालला माहा," ते शेवटी म्हणाले, "पन घशात एवढी आग कधी लागली नाही. सुंठ कमी कर."

उन्नतीने सुंठ कमी केली आणि मिक्सर पुन्हा सुरू केला.

प्रकरण असं होतं की उन्नती आणि अनिमेष यांचं जमलं होतं. अनिमेषच्या आईचं, म्हणजे दुर्गच्या मोहन नगरातल्या नीरजाताईंचं, अजून जमायचं होतं. "दिवाळीनंतर सांगते," एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पिढ्यान् पिढ्या हिंदी मुलखात, दुर्गला राहूनही त्यांनी घरातलं मराठीपण लोणच्यासारखं मुरवून ठेवलं होतं. आजकालच्या पोरींना रीत नाही, सगळं बाजारातून उचलून आणतात, ही त्यांची कायमची तक्रार. त्यांच्या मोठ्या सुनेच्या माहेरून दिवाळीला काजू-बदामाची अशी पेटी यायची, की ती ठेवायला सोफा सरकवावा लागे. शालिकरामांच्या भिलाईतल्या क्वार्टरमध्ये सरकवायला सोफाच नव्हता, तर पेटी कुठून येणार?

अशात उन्नतीला मोबाइलवर एक बाई सापडली. ती घरीच हॉट चॉकलेटची पूड करून बरणीत भरत होती, वर रिबन बांधत होती आणि हसत हसत वाटत होती. उन्नती पलंगावरून उठली ती थेट मिक्सरपाशी.

साखर दळून झाली, दुधाची भुकटी चाळून झाली. कोको महाग, म्हणून तो चवीपुरताच. त्याची कसर दालचिनी आणि जायफळाने भरून काढली. तिच्या आईने, मनकर्णाबाईंनी, कुंडीतल्या गुलाबाच्या वाळलेल्या पाकळ्याही भांड्यात लोटल्या. गुलाबाने जगात काहीच बिघडत नाही, असं त्यांचं मत होतं. असा काही वास सुटला, की शेजारीण मीठ मागायला आली, मीठ घेऊन गेली आणि मिठाचीच वाटी घेऊन परत मीठ मागायला आली.

शालिकरामांनी पुढचा ग्लास तोंडाला लावला आणि तळ दिसेपर्यंत खाली ठेवला नाही.

"हे जमलं," ते म्हणाले. "हे पेऊन तं जीएम साहेब बी ओव्हरटाइम देईल."

लोणच्याची बरणी घासून, उन्हात तापवून, कमलेशच्या नाकाने तपासून घेतली गेली. कमलेश उन्नतीचा भाऊ. हथखोजच्या एका कारखान्यात तो तेल-ग्रीसमध्ये दिवस काढायचा, त्यामुळे त्याचं नाक कितपत चालतं हा प्रश्नच होता, पण तो "हो" म्हणाला. कमलेश सगळ्यालाच हो म्हणायचा.

चिठ्ठीवरून मात्र भांडण झालं. उन्नतीने वर ठसठशीत 'हॉट चॉकलेट' लिहिलं होतं.

"इंग्रजी कावून लिवलं?" मनकर्णाबाई कडाडल्या. "थ्या बाईनं पाहिलं तं म्हनन, पोरगी मराठीच विसरली."

"मग मराठीत काय म्हणू, तूच सांग न."

मराठीत काय म्हणावं ते कुणालाच सुचेना. 'गरम पेय' हे शालिकरामांना दारूच्या दुकानाच्या पाटीसारखं वाटलं. शेवटी नाव गाळलं आणि उन्नतीने सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'घरी केलेलं, खास तुमच्यासाठी. दोन चमचे गरम दुधात मिसळा.' अनिमेष हैदराबादला अडकला होता. त्याच्या पोटात काही राहत नसे, म्हणून त्याला सांगितलंच नाही.

कमलेशने बरणी स्कूटरला टांगून मोहन नगरात पोचवली आणि उड्या मारतच परत आला. नीरजाताईंनी चिठ्ठी वाचली, झाकण उघडून वास घेतला आणि एकदम बसल्याच म्हणे. हे सगळं हिने घरी केलं का, असं त्यांनी विचारलं. तो हो म्हणाला. दिवाळीच्या पहाटेसाठीच ना, असं विचारलं. तो हो म्हणाला. मग त्यांनी बरणी देवासमोर ठेवली आणि तोवर कुणी हात लावायचा नाही म्हणून घरात ताकीद दिली.

"देवासमोर?" उन्नतीने तीनतीनदा विचारलं. कमलेश तीनही वेळा हो म्हणाला.

नरकचतुर्दशीला सकाळी उन्नती फोन उशाशीच घेऊन बसली होती. फोन वाजलाच नाही. वाजली ती दाराची बेल. दारात खुद्द नीरजाताई उभ्या, जरीच्या साडीत. मागे त्यांचे यजमान उमाकांतराव, ओल्या केसांनी.

"दिवाळीनंतर सांगणार होते," नीरजाताई आत येता येता म्हणाल्या, "पण राहवलंच नाही."

मनकर्णाबाईंच्या हातातला चिवडा ताटलीत पडायच्या आधी जमिनीवर पडला.

नीरजाताईंचं बोलणं थांबेना. बरणी उघडताच घरभर कसा दरवळ झाला, एरवी पहाटे उठायला कुरकुरणारे उमाकांतराव आज कसे सगळ्यांत आधी तयार झाले, सासऱ्यांनी दुसऱ्यांदा कसं मागून घेतलं. थोडं कणीदार होतं, पण त्यातच मजा. बाजारची पाकिटं पाठवणारे पुष्कळ असतात, त्या म्हणाल्या, पण घरी दळून-चाळून करणारी, रीत जाणणारी पोरगी या गावात मिळेल असं वाटलं नव्हतं. त्यांनी उन्नतीचा हात हातात घेतला.

"पाडव्याला साखरपुड्याची तारीख धरू. पोरगी आमची झाली."

शालिकरामांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते फटाक्यांच्या धुरावर ढकललं. कमलेश कुणी न विचारताच हो म्हणाला.

उमाकांतरावांनी मात्र मानेवर फटकन चापट मारली. मग पोटरीवर. मग खुर्ची सोडून ते उभेच राहिले आणि सदऱ्यात हात घालून पाठ खाजवू लागले. मनकर्णाबाई लाजेने अर्ध्या झाल्या. क्वार्टरमधी डास लय झाले भाऊसाहेब, असं म्हणत त्या कमलेशवर डासांच्या अगरबत्तीसाठी डाफरल्या.

"डास नाहीत हो ताई, मुंग्या आहेत. आंघोळ झाल्यापासून यांना सोडेनात," नीरजाताई म्हणाल्या आणि कौतुकाने उन्नतीकडे वळल्या. "का गं, तुमच्या गावाकडे उटण्यात साखर घालतात का?"