बाप्तिस्म्याचं पाणी

“सत्कर्मानं तारण भेटत नाही, मंजुषा. विश्वास पायजे, विश्वास!”

माणिकबाईंचं डावं अंग लुळं पडलं होतं, जीभ मात्र शाबूत होती. मंजुषानं सासूला कुशीवर वळवलं, पाठीला पावडर लावली आणि खालची ओली चादर ओढून काढली.

“आधी पाठ तर सांभाळू द्या, आई. तारणाचं मग पाहू.”

सहा महिने हेच चाललं होतं. रोहित सकाळच्या गाडीनं अकोल्याला नोकरीवर जायचा, तो दिवेलागणीलाच अमरावतीत परतायचा. दिवसभर घरात या दोघीच. मंजुषाचं माहेर वलगावचं, बौद्ध. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी तिनं बाप्तिस्मा घेतला नव्हता. रोहितनं कधी विषयही काढला नाही. सासूनं मात्र सोडला नाही.

चर्चच्या मंडळीत माणिकबाईंचा दरारा होता. नांदगाव खंडेश्वराकडच्या एका माळ्याच्या या पोरीनं बावन्न वर्षांपूर्वी मिशनच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरशी कोर्टात लग्न केलं, आणि तेव्हापासून उपासनेचा एक रविवार चुकवला नाही. प्रभुभोजनाच्या, भाकर आणि द्राक्षारस वाटण्याच्या, रविवारी तर बाकीच्या बायांना निवांत बसता यावं म्हणून त्या मागच्या खोलीत सगळ्यांची लेकरं सांभाळत. असं मन कोणाचं असतं, असं लोक म्हणत.

आता डोळ्यांना दिसत नव्हतं. रोज दुपारी मंजुषा त्यांना बायबल वाचून दाखवायची. त्या दिवशी वाचता वाचता ती थांबली.

“घ्या आई. हातानं काही केलं नाही तर तो विश्वास मेलेला, असं इथंच लिवलं हाये.”

“पुन्हा वाच.”

तिनं पुन्हा वाचलं. आता सासू भडकणार, असं तिला वाटलं. पण माणिकबाईंनी चांगल्या हातानं तिचा हात चाचपला.

“मी तुले इतकं टाकून बोलतो. किळस नाही येत वं माही?”

“येते कधीकधी. मग हात धुते.”

“वर काही भेटन म्हणून करून राहिली का?”

“वरचं मले काय माहीत? तुमी ओल्यात पडल्या असल्या तर माह्या घशाखाली घास कसा उतरन?”

माणिकबाईंचे डोळे भरून आले. “आपल्या दोघीतली एक जण दाराबाहेरच राहून जाईन वं, पोरी,” त्या पुटपुटल्या.

म्हातारी आपल्या काळजीनं झुरते आहे, असं मंजुषाला पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच माणिकबाईंनी फर्मान सोडलं. “पाळकाले फोन लाव. रविवारी घरी बाप्तिस्मा हाये म्हणावं.”

मंजुषानं मुकाट्यानं फोन लावला. मग मोरीत जाऊन, नळ सोडून, वलगावला बाबांना लावला.

“बाबा, मी बाप्तिस्म्याले हो म्हणून राहिली. सासूच्या जिवाले तेवढीच शांती.”

बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर.

“पाण्यानं तू बदलणार नाही, बेटा. पण ते इचारतीन, विश्वास हाये का म्हणून. तवा काय सांगशीन?”

याचं उत्तर शोधण्यात तिचे तीन दिवस गेले.

रविवारी उपासना आटोपून चर्चचे पाळक शेखर आले. रोहितनं स्टीलच्या भांड्यात पाणी आणून ठेवलं, पण बायकोच्या नजरेला नजर दिली नाही. “तुले नसन करायचं तर...” तो हळूच म्हणाला. तिनं मानेनंच त्याला अडवलं. आयुष्यात एकदा खोटं बोलायचं, तेही एका म्हातारीला सुखानं मरता यावं म्हणून. तिनं ठरवलं होतं.

ती खाटेपाशी गुडघ्यांवर बसली, पदर डोक्यावर घेतला आणि डोळे मिटले. पाळकांनी प्रार्थना केली, भांड्यात बोटं बुडवली.

“तिले उठवा, पाळकसाहेब,” माणिकबाई म्हणाल्या. “हिच्यापायी आता कुठं माहा विश्वास बसला. बाप्तिस्मा माहाच राह्यला हाये. बावन्न वर्सांत मले कोनी इचारलंच नाही.”