नट आवळला का?

कमलेशच्या बाईकचं मागचं चाक बाबांनी दारातच काढलं आणि ट्यूब बदलून परत बसवलं. तीस वर्षं विठ्ठलवाडीत गॅरेज चालवलेल्या माणसाला नको कसं म्हणणार? पण हल्ली बाबा विसरायचे. घोडबंदर रोडला ट्रकांच्या मधे चाक सुटलं तर? दोन गल्ल्या पुढे जाऊन कमलेश थांबला आणि त्याने नटाला पाना लावला. नट जागचा हलला नाही.

तेवढ्यात मागून बाबा अनवाणी धावत आले. "थांब रे! नट आवळला का, तेच आठवत नाय."

"आवळलाय बाबा. एकदम टाइट आहे."

बाबांनी हुश्श करून घाम पुसला. मग आजूबाजूला बघत हळूच विचारलं, "कमलेश, आपलं घर कुठल्या बाजूला रे?"