कट म्हणेपर्यंत
सिनेमाला नटनट्या परवडेनात, म्हणून लेकाने नवरा-बायकोच्या भूमिकेत स्वतःला आणि बायकोलाच उभं केलं. आज स्वयंपाकघरात मारहाणीचा सीन होता.

"मी 'कट' म्हणेपर्यंत मध्ये कुणी यायचं नाही. आई, तूसुद्धा!"

आईच्या तोंडाला कुलूप घालायची आजवर कुणाची छाती झाली नव्हती. पण लेकाच्या सिनेमापायी तिने तेही सोसलं. पहिल्याच थपडेला सून कोलमडली. त्याने केस धरून तिचं डोकं ओट्यावर आपटलं. रक्त आलं, तरी 'कट' काही येईना.

आईने तवा उचलला आणि लेकाच्या मनगटावर हाणला. "कट म्हणते ना, मुडद्या!"

"आई गं! अख्खा सीन घालवलास!" तो कळवळला.

कॅमेरावाला चाचरत म्हणाला, "दादा, तुम्ही अजून 'ॲक्शन' म्हणालाच नाहीत. कॅमेरा बंदच आहे."

आईने तवा पुन्हा उगारला. "मग आता मी म्हणते. कर कॅमेरा सुरू."