कुलूप

"अगं, हिच्या पोटाखाली हे काय चिकटलंय?" भिंगातून बघत सासूबाईंनी विचारलं.

लडाखच्या खिंडीत तासभर धावून मी जाळ्यात धरलेली अपोलो फुलपाखराची मादी होती ती. पांढऱ्या पंखांवर लाल ठिपके.

"कुलूप म्हणा, आई. नर जाताना लावून जातो. दुसरा जवळ येऊ नये म्हणून."

"आणि तो मेला की?"

"तो आठवड्याभरात मरतोच. कुलूप राहतं."

"हिला काढता येत नाही?"

"नाही."

मी मादीला सोडून दिलं. सासूबाई मात्र माझ्या बोटाकडे बघत होत्या. उंचीवर आल्यापासून बोटं सुजली होती, आणि साखरपुड्याची अंगठी त्यात रुतली होती. ती माझ्या बोटात घालणारा त्यांचा मुलगा जाऊन तीन वर्षं झाली.

"खाली तंबूत तो शिरीष तुझ्या उत्तराची वाट बघतोय ना?"

मी गडबडले. माझ्याबरोबर काम करणाऱ्या शिरीषनं लग्नाचं विचारलंय, हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. त्या रागावल्यात, दुखावल्यात की नुसतंच विचारतायत, काही कळेना.

"अंगठी निघत नाही, आई," मी भलतंच बोलून गेले. खरं तर मी कधी काढून पाहिलीच नव्हती.

त्यांनी पिशवीतून खोबरेल तेलाची बाटली काढली. तेल पार गोठलेलं. ती बाटली शालीखाली काखेत धरून त्या माझ्या शेजारी दगडावर टेकल्या.

"थांब जरा," म्हणाल्या, "आत्ता पातळ होईल."